माशी, ठिपका आणि पक्ष्याचा डोळा

द्रोणाचार्यांनी झाडावर पक्षी ठेवला आणि एकेका शिष्याला विचारले, काय दिसते? अर्जुनाचे उत्तर आपण शाळेपासून पाठ केले आहे. तेच उत्तर पिस्तुलाच्या रेंजवर देऊन बघा. प्रशिक्षक मॅडम पिस्तूल खाली ठेवायला लावतील आणि म्हणतील, ‘पक्षी बघायचाच नाही. माशी बघायची.’

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो छोटासा काळा ठोकळा, फ्रंट साईट. मागे रिअर साईटची खाच. खाचेच्या बरोबर मध्ये माशी, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, दोघांचे माथे एका रेषेत. टार्गेट मात्र पुसट दिसले पाहिजे. ते स्वच्छ दिसू लागले की समजावे, नजर माशीवरून सुटली. अर्जुन इथे नापास.

याला कारण साधे त्रैराशिक आहे. ऑलिंपिक पद्धतीच्या पॉइंट टू-टू पिस्तुलावर माशी आणि खाच यांच्यात जास्तीत जास्त २२० मिलिमीटर अंतर असते. टार्गेट २५ मीटरवर. माशी खाचेच्या मध्यापासून १ मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर सरकते. टार्गेटमधल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास असतो ५० मिलिमीटर. म्हणजे हात अगदी स्थिर, टार्गेट अगदी समोर, पण माशी मिलिमीटरभर बाजूला, तर दहाचे सहा होतात. याउलट माशी खाचेत नेमकी बसलेली असेल आणि अख्खा हातच सगळ्या पिस्तुलासह सेंटिमीटरभर डुलला, तर गोळीही सेंटिमीटरभरच सरकते आणि दहा राहते. म्हणून सगळा जीव माशीत.

हे सगळे पंचविशीत ठीक असते. चाळिशी ओलांडली की डोळ्यातले भिंग आखडते आणि हातभर अंतरावरची माशी धूसर व्हायला लागते. वर्तमानपत्र लांब धरता येते, पण पिस्तूल आधीच हाताच्या टोकाला असते. त्याला आणखी लांब कुठे धरणार?

आमच्या रेंजवरच्या काकांचे नेमके हेच झाले. त्यांचे नाव छापलेले त्यांना आवडणार नाही, म्हणून नुसते काका. वय अडुसष्ट. नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये हयात गेली. मायक्रोमीटर हातात धरल्याशिवाय यांना चहा गोड लागत नसावा, असे आम्ही मागे म्हणतो. नेमबाजी त्यांनी उशिरा सुरू केली, पण केली ती मनापासून, परवाना आणि कागदपत्रांच्या सगळ्या पायऱ्या चढून. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ते लेनवरून मागे आले, पिस्तूल रिकामे करून ठेवले आणि म्हणाले, ‘माशीला मिशा फुटल्यात.’ त्यांना एकाच्या दोन-तीन माश्या दिसत होत्या.

यावर दोन उपाय होते. पहिला, नेमबाजीचा चष्मा. लांबच्या नंबरात अर्धा ते पाऊण डायॉप्टर अधिक घालायचा, म्हणजे माशी स्पष्ट होते आणि टार्गेट धूसर. नियमाला तो चालतो, मात्र भिंग नेमबाजाच्या डोळ्यापुढे हवे. पिस्तुलावर बसवलेले चालत नाही. दुसरा उपाय काकांना त्यांच्या अमेरिकेतल्या भाच्याने सुचवला. तिकडे म्हाताऱ्या नेमबाजांच्या पॉइंट टू-टू पिस्तुलांवर सर्रास लाल ठिपक्याची साईट असते. रेड डॉट. काकांच्या डोक्यात ते बसले, आणि एकदा त्यांच्या डोक्यात बसलेली गोष्ट पान्यानेही निघत नाही.

हा ठिपका नेमका काय असतो याबद्दल गैरसमज फार. सिनेमात खलनायकाच्या कपाळावर जो लाल बिंदू पडतो तो हा नाही. ते लेझर. रेड डॉटचा ठिपका टार्गेटवर पडतच नाही, तो फक्त नेमबाजाला दिसतो. आत एक बारीक लाल एलईडी असतो आणि त्याच्यासमोर किंचित वक्र काच. काचेवर असा लेप दिलेला असतो की तेवढा लाल रंग परत फिरतो आणि बाकीचा उजेड आरपार जातो. एलईडी काचेच्या नाभीवर ठेवलेला असल्याने परत फिरलेले किरण समांतर होऊन डोळ्यात शिरतात, आणि समांतर किरण डोळ्याला अनंत अंतरावरून आल्यासारखे वाटतात. म्हणून ठिपका टार्गेटच्याच पातळीवर तरंगताना दिसतो. माशी नाही, खाच नाही, तीन ठिकाणी नजर फिरवणे नाही. डोळा टार्गेटवर ठेवायचा आणि ठिपका तिथे येऊ द्यायचा. इथे अर्जुनाचे उत्तर पुन्हा बरोबर ठरते.

मूळ कल्पना मात्र एलईडीच्या कितीतरी आधीची. डब्लिनचे दुर्बिणी बनवणारे हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली अशा परावर्तक साईटचे पेटंट घेतले. पुढे ती लढाऊ विमानांत गेली. बॅटरीवर चालणारा आजचा ठिपका स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ साली बाजारात आणला. काकांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘अहो, द्रौपदीच्या स्वयंवरात तेच होते की. पाण्यातल्या प्रतिबिंबात बघून मासा वेधला.’ पेटंट कुणाचे, हा वाद आम्ही चहावर सोडला.

आता आमच्या रेंजचे गाव, नाशिक. बाहेरच्या माणसाला इथली नेमबाजी म्हटले की देवळालीच्या तोफखान्याची आठवण येते, पण लहान नळीचेही या गावाशी जुने नाते आहे. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ साली स्थापन केलेली भोसला मिलिटरी स्कूल ही शाळा गंगापूर रोडच्या बाजूला, रामभूमीवर आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांवर कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, पण पोरवयात क्रीडा प्रबोधिनीत दाखल होऊन त्याने नाशिकमध्ये सराव केला. त्याच्या रायफलीतही हेच पॉइंट टू-टूचे रिमफायर काडतूस असते, आणि ५० मीटरवर दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे. तिथेही दुर्बीण नसते. भोकातून बघायचे, बस्स.

आणि भीष्मराज बाम. पोलीस दलातले मोठे अधिकारी, स्वतः पिस्तूल नेमबाज, पुढे देशातल्या पहिल्या फळीच्या खेळाडूंचे मानसशास्त्रज्ञ. राहुल द्रविडपासून अनेक नेमबाजांपर्यंत माणसे त्यांच्याकडे जात. योगशास्त्रातले एकाग्रतेचे तंत्र त्यांनी रेंजवर आणले. ‘विनिंग हॅबिट्स’ हे त्यांचे पुस्तक अजून खेळाडूंच्या पिशवीत दिसते. नाशिकमधल्या एक्सएल टार्गेट शूटर्स असोसिएशनमागे तेच होते. त्यांच्या तालमीतल्या मोनाली गोऱ्हे पुढे राष्ट्रीय पिस्तूल संघाच्या प्रशिक्षकांत गेल्या. बाम मे २०१७ मध्ये गेले. मोनाली गोऱ्हे कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसने मे २०२१ मध्ये, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. नाशिकच्या कुठल्याही रेंजवर अर्धा तास बसा. दोघांपैकी एकाचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. हे इथे सांगायचे कारण पुढे येईल.

काकांचा पहिला बेत असा होता की साईट बसवायची पट्टी आपणच मिलिंग मशीनवर काढायची आणि पिस्तुलाला दोन भोके पाडून आटे घालायचे. हातात कसब होते, ओळखीत वर्कशॉप होते. आम्ही त्यांना आडवे पडलो. शस्त्र कायदा १९५९ चे पाचवे कलम शस्त्र बनवण्यापुरते नाही, दुरुस्ती आणि फेरफारालाही परवाना मागते. पिस्तूल बाळगायचा परवाना वेगळा आणि त्यावर ड्रिल चालवायचा वेगळा. २० ज्यूलपर्यंतच्या पॉइंट वन सेव्हन सेव्हन एअर पिस्तुलाला परवानाच लागत नाही, त्यामुळे पुष्कळांना वाटते की पॉइंट टू-टू म्हणजे त्याचाच थोरला भाऊ. तो भाऊ खरा, पण कायद्याच्या लेखी पुरती बंदूक आहे. काकांनी हा मुद्दा दोन दिवस पचवला आणि मग परवानाधारक कारागिराकडे गेले. साईट मागवायच्या आधीही कागद विचारून घेतले, ते बरे केले.

त्यांचे पिस्तूल इटलीचे, पार्दिनी. या जातीच्या पिस्तुलात गोळी सुटल्यावर बोल्ट आतल्या आत मागेपुढे होतो. वरचा भाग जागचा हलत नाही. ठिपक्यासाठी हे फार सोयीचे. ज्या पिस्तुलांची सगळी स्लाईडच मागे जाते, त्यांच्यावर बसवलेली साईट दर गोळीला झटका खाते. पार्दिनीसाठी कारखान्याचीच पट्टी मिळते, त्यामुळे भोके पाडायचा प्रश्न उरला नाही. पट्टी पिकाटिनी जातीची. न्यू जर्सीतल्या पिकाटिनी शस्त्रागाराच्या नावाने ओळखली जाणारी ही खाचांची शिडी अमेरिकी सैन्याने १९९५ साली प्रमाणित केली: दर १०.०१ मिलिमीटरवर एक खाच, खाचेची रुंदी ५.२३ मिलिमीटर. काकांनी व्हर्नियर लावून मोजलीच. एअर पिस्तूल आणि जुन्या रिमफायर बंदुकींवर ११ मिलिमीटरची डव्हटेल असते, आणि तिचे ११ कधी साडेनऊ तर कधी तेरा निघतात. पिकाटिनी तशी वागत नाही.

बसवण्याचे काम वीस मिनिटांचे. कारागिराने आधी पिस्तूल रिकामे आहे हे स्वतः पाहिले, मग काकांना दाखवले, मग मला. मॅगझीन बाहेर, चेंबरच्या तोंडाशी बोट फिरवून खात्री. पट्टीचे स्क्रू, स्क्रूची भोके, पट्टीचा तळ, सगळे स्पिरिटने पुसले. स्क्रूच्या टोकाला निळ्या लॉकटाइटचा एक थेंब. लालचा नाही, लाल लावला की पुढच्या वेळी स्क्रू तापवूनच काढावा लागतो. मग टॉर्कच्या पान्याने सुमारे दोन न्यूटन-मीटरपर्यंत आवळले. छोटा स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळणारा माणूस एकतर तो सैल ठेवतो, नाहीतर त्याचे डोके उडवतो. साईट खाचेत टेकवून पुढे ढकलली आणि मगच कसली, म्हणजे झटक्याने सरकायला मोकळी जागा उरत नाही. शेवटी बायकोच्या नेलपॉलिशची रेघ, अर्धी स्क्रूवर, अर्धी पट्टीवर. रेघ तुटलेली दिसली की समजायचे स्क्रू फिरला.

हे त्या कारागिराचे काम. महिनाभराने काकांनी बॅटरी बदलताना ‘जरा साफसफाई’ म्हणून साईट स्वतः काढून पुन्हा बसवली आणि स्पिरिटने पुसायचे राहिले. आट्यात तेल होते. पुढच्या रविवारी त्यांचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, प्रत्येक पाच गोळ्यांनी थोडा-थोडा डावीकडे चालत जाऊ लागला. काका श्वास तपासत होते, पकड तपासत होते, बामसरांचे धडे आठवत होते. मी साईटला बोट लावले तर ती हलली. टूलरूमवाल्या माणसाच्या हातून हे घडले म्हणून ते आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी नेमबाज मनू भाकरच्या पिस्तुलाच्या लिव्हरने भर स्पर्धेत दगा दिला होता. ५७५ गुणांवर तिची अंतिम फेरी हुकली. तेव्हा सैल स्क्रूला हसू नये.

झिरो करणे, म्हणजे ठिपका आणि गोळी यांची गाठ घालणे, हा खरा मजेचा भाग. सुरुवात १० मीटरवर, मोठ्या कोऱ्या कागदावर. ठिपका नळीच्या वर तीन-चार सेंटिमीटरवर बसलेला असतो, त्यामुळे २५ मीटरवर जुळलेले पिस्तूल १० मीटरवर दीड-दोन सेंटिमीटर खालीच मारते. हे माहीत नसले की माणूस १० मीटरवर ठिपका ‘बरोबर’ करून बसतो आणि २५ वर गोळी वर का गेली म्हणून डोके खाजवतो. २५ मीटरवर काकांनी टेकूवर हात ठेवून पाच गोळ्या मारल्या. ग्रुपचा मध्य उजवीकडे ५८ मिलिमीटर, खाली २९. त्यांच्या साईटचा एक क्लिक म्हणजे एक मिनिट ऑफ अँगल, २५ मीटरवर सव्वासात मिलिमीटर. तेव्हा आठ क्लिक डावीकडे, चार वर. काकांनी आठ क्लिक उजवीकडे दिले. स्क्रूवरचा बाण गोळी कुठे जाईल ते सांगतो, ठिपका कुठे जाईल ते सांगत नाही. आणि पहिल्यांदा प्रत्येक जण हीच चूक करतो. दुसऱ्या फैरीने उजवीकडची कड गाठली. तिसऱ्यात सगळे मध्यात आले. ठिपका चार मिनिटांचा, म्हणजे २५ मीटरवर २९ मिलिमीटरचा, दहाच्या वर्तुळात आरामात मावणारा. त्याची चमक मात्र कमी ठेवावी लागते. जास्त ठेवली की ठिपक्याला काटे फुटतात, आणि ज्याच्या डोळ्यात सिलिंड्रिकल नंबर आहे त्याला तो ठिपक्याऐवजी स्वल्पविराम दिसतो.

आणखी एक सवय मोडावी लागते. माशीने नेम धरताना पुष्कळ नेमबाज काळ्या गोलाच्या खाली, पांढऱ्यात धरतात, कारण काळ्यावर काळी माशी दिसत नाही. लाल ठिपका काळ्याच्या थेट पोटात ठेवायचा. काकांचा हात चार दिवस खालीच जात होता.

मग आला तो दिवस, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. टेकू काढला. एका हाताने, उभे राहून, ऑलिंपिक पद्धतीने. काकांनी हात वर केला, ठिपक्यातून पाहिले आणि हात खाली घेतला. पुन्हा वर केला, पुन्हा खाली घेतला. ‘हे बिघडलंय,’ म्हणाले. ‘ठिपका थांबतच नाही. नाचतोय.’

मी पिस्तूल हातात घेऊन बघितले. माझाही नाचत होता. आमच्या मॅडमनी बघितले. त्यांचा कमी नाचला, पण नाचलाच. त्या म्हणाल्या, ‘काका, हात तुमचा पहिल्यापासून असाच डुलतोय. माशीवर तो कळत नव्हता, एवढंच.’

रेड डॉटची खरी गंमत इथे आहे, आणि जाहिरातीत ती कुणी सांगत नाही. लाल ठिपका हाताला स्थिर करत नाही. उलट तो तुमचा होल्ड सिनेमासारखा दाखवतो, आणि माणूस तो पाहून घाबरतो. ठिपका फिरत-फिरत मध्यावर आला की मेंदू ओरडतो, आत्ता! आणि बोट चाप खेचते. ओढत नाही, खेचते. त्या खेचण्याने गोळी सातात. पहिल्या आठवड्यात काकांचे गुण माशीच्या दिवसांपेक्षा कमी झाले. बरे डोळे, महागडी काच, आणि गुण कमी.

इथे बामसर परत आले. डुलणे मान्य करा, ही त्यांच्या परंपरेतली पहिली शिकवण. ठिपका आपल्या वर्तुळात फिरू द्या. वर्तुळ दहाइतके किंवा नवाइतके असेल तर गोळी दहा-नवातच जाणार. बोटाने मात्र ठिपक्याशी बोलायचे नाही, चाप हळूहळू, न थांबता मागे येत राहायला हवा. मॅडमनी काकांकडून महिनाभर बिनगोळीचा सराव करून घेतला. रिमफायरमध्ये तोही जपून करावा लागतो. इथे स्फोटक काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेले असते, म्हणून फायरिंग पिन कडेवर मारते. चेंबर रिकामे असले तर ती थेट चेंबरच्या धातूवर आदळू शकते. म्हणून वापरलेले रिकामे काडतूस घालून चाप ओढायचा आणि ठिपक्याकडे बघायचे. टिक झाले आणि ठिपका जागचा हलला नाही, तर बोट शहाणे. उडी मारली, तर सगळा गुन्हा डोळ्यासमोर. माशीवर ही उडी अनुभवी डोळ्यालाच दिसते. ठिपक्यावर ती शाळकरी पोरालाही दिसते. आमच्या मॅडमनी ती साईट चार दिवस उसनी मागून घेतली आणि सगळ्या पोरांना त्यातून एकेकदा चाप ओढायला लावला.

पोरांना ठिपक्याची लत लागू नये ही काळजी मात्र त्यांनी घेतली. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या पिस्तूल नियमांत स्वच्छ लिहिले आहे: फक्त उघडी साईट. दुर्बीण, आरसा, लेझर, इलेक्ट्रॉनिक ठिपका, सगळे बाद. माशीवर संरक्षक झाकणसुद्धा नको. वजन १४०० ग्रॅमच्या आत, २५ मीटरच्या पिस्तुलाचा चाप किमान १००० ग्रॅमचा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २२ ऑगस्ट २०१८ रोजी पालेम्बांगमध्ये आशियाई सुवर्ण जिंकले ते याच उघड्या माशीवर, थायलंडच्या स्पर्धकाला शूट-ऑफमध्ये हरवून. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. पॅरिसमध्ये तुर्कस्तानचा युसुफ दिकेच खिशात हात घालून, साध्या चष्म्याने रौप्य घेऊन गेला तेव्हा सगळ्या जगाला हसू आले, पण त्याच्याही पिस्तुलावर माशी आणि खाचच होती.

म्हणून मला विचाराल तर पिस्तूल शिकणाऱ्या मुलाने ठिपका विकत घेऊ नये. क्लबात एक असावा, शिक्षकांच्या कपाटात, आरशासारखा अधूनमधून काढायला. ज्यांचे स्पर्धेचे दिवस सरले आणि ज्यांना माशीला मिशा दिसू लागल्या, त्यांनी मात्र खुशाल बसवावा. काकांना आता राज्य स्पर्धा मारायची नाही. त्यांना रविवारी सकाळी साठ गोळ्या झाडायच्या असतात आणि त्यातल्या किती दहात गेल्या ते वहीत लिहायचे असते.

वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहून ठेवले आहे: आट्यातले तेल पुसणे. बाण गोळीचा, ठिपक्याचा नाही. बॅटरी सीआर २०३२, दर दसऱ्याला बदलणे. काच दर शंभर गोळ्यांनी पुसणे, कारण पॉइंट टू-टूच्या गोळीला मेण असते आणि धुरासोबत ते काचेवर बसते. आणि खाली, वेगळ्या शाईत, मॅडमच्या अक्षरात: हात डुलू द्या.

तुमच्या गावातल्या क्लबात बघायला जायचे असेल तर जरूर जा, बहुतेक ठिकाणी हौशी माणसाला मागे खुर्ची देतात. कानाला लावायचे मफ तिथे मिळतील. विचारून घ्या, आणि लेनवर कोणी पिस्तूल हातात घेतलेले असताना त्याच्याशी बोलू नका.